कूलरवाल्याच्या पोट्ट्यानं कूलर बंद केला

चहा घ्या आधी. चिवडाबी घ्या. पण घास तोंडात असताना माह्याकडे पाहू नका बाप्पा! मी आपला जो गाढवपणा आता सांगून राह्यलो, तो आयकून कोणाले ठसका लागला तर जिम्मेदारी माही नाई.

मी नासिर, चंद्रपूरचा. माह्या अब्बाचं कूलरचं दुकान आहे. पत्रा कापाचा, ठोकाचा, वाळ्याची ताटी भराची, पंखा बसवाचा, हेच पाहून मी लहानाचा मोठा झालो. आमच्या गल्लीत पोट्टे पाळण्यात झोपत, मी कूलरसमोर झोपत होतो. तरीबी माह्या हातून जे झालं ते झालं! सांगतो, दम धरा.

मी करतो काय? तर प्लास्टिकमधून करंट नेतो.

हसले ना? सगळेच हसतात. आपली बादली, टिफिनचं झाकण, वायरीवरचं कव्हर, यातून करंट जात नाई हे शेंबडं पोट्टंबी जाणते. पण काही पॉलिमर असे असतात का त्याइले जरासं ॲसिड पाजलं, की ते करंट वाहून न्याले लागतात. माह्यावाला पॉलिमर हिरवागार. पॉलिॲनिलीन म्हणतात त्याले. मी तो सुती कापडावर चढवला, त्याच्या बारीक पट्ट्या पाडल्या, चांदीच्या धाग्यानं एकमेकीले जोडल्या, अन् एक हातभर लांब पट्टा बनवला. आता त्यातली गंमत पाहा. या पट्ट्याचं एक टोक गरम ठेवा, दुसरं थंड ठेवा, वीज आपोआप तयार! सेल नाई, प्लग नाई, काहीच नाई. नुसता हात ठेवला तरी हाताच्या गरमीनं मीटरचा काटा उठते.

इथी एक गोष्ट ध्यानात ठेवा. गरमी किती आहे त्याले काही किंमत नाई. दोन टोकांत फरक किती, अन् त्यातलं गरम टोक कोणतं, सारा खेळ त्याचा आहे. हे मी प्रबंधात लिहलं, पोट्ट्याइले शिकवलं, घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. ध्यानात मात्र तुम्ही ठेवा, कारण मी नाई ठेवलं!

हे सारं मी पुण्याच्या लॅबात केलं. तिथी एसी असा, का मे महिन्यात लोकं स्वेटर घालून बसत. अन् मी त्याइले काय सांगाचो? "हे काय ऊन आहे का बे? आमच्या चंद्रपूरले या! नळाखाली चहापत्ती धरा, चहा तयार!" इतक्या बढाया मारल्या, इतक्या मारल्या, का सारे मले सूर्यपुत्र म्हणाले लागले. मलेबी बरं वाटे. खोटं काऊन बोलू?

आता रुबीनाचं सांगतो. रुबीना कुरखेड्याले शाळेत विज्ञान शिकवते. तिथल्या विज्ञान प्रदर्शनात मले परीक्षक म्हणून बोलावलं होतं. भाषणात मी व्होल्टेज अन् करंटची गडबड करून ठेवली, तर या बाईनं सगळ्याइसमोर हात वर करून माही चूक दुरुस्त केली. दुसरा कोणी असता तर त्याची सटकली असती. मी घरी आलो अन् अम्मीले म्हटलं, "पोट्टी भेटली. आता उशीर करू नका."

तिलेबी मी पसंत होतो. कशात पसंत होतो ते मले आजबी समजलं नाई, पण होतो. घोडं अडलं ते तिच्या अब्बापाशी.

तिचे अब्बा म्हणजे रहीमचाचा, गडचिरोलीचे. सारी जिंदगी लाइनमन म्हणून जंगलातल्या लाइनीवर गेली. वादळात सागाची फांदी तारेवर पडली, गावं अंधारात गेली, की चाचा खांबावर. रिटायर झाले, पण पक्कड काही खिशातून निघाली नाई. निकाहाच्या दावतीले जातानाबी सोबत पक्कड!

तर आमच्या अब्बानं त्याइले फोन लावला. स्पीकरवर लावला, कारण अब्बाले वाटते फोन स्पीकरवर असला की इज्जत वाढते.

"पोट्टा काय करते?" चाचानं विचारलं.

"माहा पोट्टा प्लास्टिकमधून करंट सोडते!" अब्बा छाती फुगवून म्हणाले.

तिकून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"हॅलो? करंट! प्लास्टिकमधून!" अब्बा आणखी जोरात ओरडले.

"कोणत्या प्लास्टिकमधून?"

अब्बाले काय माहीत! कूलरवाला माणूस. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर जसे बोलतात तसेच बोलून गेले, "कोणत्याबी! तुम्ही म्हणाल त्यातून!"

फोन कट.

दोन घंट्यानं रुबीनाचा फोन आला. "अब्बा म्हणून राह्यले, पोट्टा खरंच प्लास्टिकमधून करंट सोडते का ते मी माह्या डोळ्यानं पाहीन. मंगच हाव का नाई ते सांगीन."

"एवढंच ना? मंग समज झालं आपलं लग्न!"

"ते हसून नाई बोलले," ती म्हणाली. "आवाज कसातरीच होता त्याइचा."

"अगं, विश्वास बसला नसल त्याइचा! एकदा काटा उठलेला पाहू दे, चाचा स्वतः मले खांद्यावर घेऊन नाचतील."

पाहून घ्या माही अक्कल! ज्या माणसाची सारी जिंदगी प्लास्टिकनं करंट अडवला म्हणून वाचली, त्याच्यापुढे मी प्लास्टिकमधून करंट नेऊन दाखवाले निघालो. अन् तेबी मुंडावळ्या बांधल्यासारखा नटून!

मे महिना. भर दुपार. मी अन् अब्बा मूल गावावरून एसटीनं गडचिरोलीले पोचलो. पट्टा अम्मीच्या डब्यात नीट गुंडाळून ठेवला होता, मीटर मांडीवर. खिडकीतून लूची गरम झळ अशी येत होती, का अब्बानं दुपट्टा बांधून तोंडच गायब केलं. नुसते डोळे दिसत होते, अन् ते डोळेबी माह्यावर रागावले होते.

चाचाच्या अंगणात पाय ठेवला, तर कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांची ही एवढी चळत! बाजूले प्लास्टिकची बादली, मग, डब्बे, एक सुपडं, सारं अंगणात काढलेलं.

"घराची साफसफाई केली असल आपल्यासाठी," मी अब्बाले म्हटलं. "पाह्यलं? किती मान आहे आपला!"

आत गेलो तर आमच्यासाठी लाकडी बाक. पाणी तांब्यातून. टेबलावर मधोमध चाचाचे जुने रबरी हातमोजे, इस्त्री केल्यासारखे नीट मांडलेले. दुसऱ्या कोणाले तेव्हाच समजलं असतं, का हा माणूस भेला आहे. मले वाटलं, सजावट आहे.

चाचा दारातच उभे. उंच, काटक, पांढरी दाढी. सलाम झाला, गळाभेट झाली, पण माहा डब्बा पाहून ते एक पाऊल मागं सरकले. चाचीनं सरबत आणलं. रुबीना आतल्या दाराशी उभी होती. शेजारचे मडावीकाका आले होते. "पोरगा जादू दाखवते म्हणे," असं म्हणून ते बाकाच्या टोकाले टेकले.

खिडकीत कूलर मस्त घुंघुं करत होता. अब्बानंच बनवलेला. चाचानं कधीचा आमच्या दुकानातून नेला होता, दोन घरांची जुनी ओळख तेवढीच! अब्बा त्याच्यासमोर जाऊन बसले, दुपट्टा सोडला, डोळे मिटले. माणूस जन्नतीत पोचला.

अन् मी म्हटलं, "कूलर बंद करा."

अब्बाचे डोळे खाडकन उघडले. "काय करा?"

"बंद करा. कूलरची हवा ओली राहते. माहा पट्टा दमट हवेत सादळते, मीटर चुकीचं दाखवते. अन् दारं-खिडक्याबी लावून घ्या, लू आत नको."

"नासिर," अब्बा हळूच म्हणाले, "मे महिना आहे, बेटा."

"अब्बा, शास्त्र म्हणजे शास्त्र!"

अब्बाच्या जिंदगीत त्याइनं बनवलेला कूलर कोणी त्याइच्याच समोर बंद कराले लावला नव्हता. तेबी पोटच्या पोट्ट्यानं! चाचीनं बटन दाबलं. घुंघुं थांबलं. खिडक्या लागल्या. अब्बानं दुपट्टा पुन्हा तोंडावर घेतला, जसं कोणी मेलं.

मी आपला आरामात वायरी जोडून राह्यलो. पट्ट्याचं एक टोक टेबलावर ठेवलं, हात ठेवासाठी. दुसरं टोक टेबलाबाहेर कूलरच्या बाजूले मोकळं सोडलं. काट्याचा मीटर सगळ्याइले दिसंल असा ठेवला. काटा डावीकडे शून्यावर, तिथी एक छोटी खुंटी, उठला की उजवीकडे जाणार. मंग मी उभा राहून भाषण दिलं. पट्टा कसा बनवला, ॲसिड कसं पाजलं, चार्ज कसे सरकतात, सारं सांगितलं. तोवर वरचा स्लॅब असा तापला, असा तापला, का मडावीकाका शर्टाच्या गुंड्या सोडून बसले. चाची पदरानं वारा घेत होती. माह्या नाकावरून घाम टपटप मीटरवर पडून राह्यला.

"तर चाचा," मी म्हटलं, "जिवंत माणसाच्या हाताची ऊब लागली, की हा काटा उठते. ठेवा हात!"

चाचानं बिस्मिल्ला म्हटलं. डोळे मिटले. हात पुढं केला, अन् पट्ट्यावर ठेवला.

सारे काट्याकडे पाहून राह्यले.

काटा शून्यावर.

"दाबून ठेवा," मी म्हटलं. चाचानं दाबून ठेवला. काटा खुंटीले चिकटून बसला, जसा तिथीच जन्मला.

"याइच्या अंगात ऊब नाई का काय?" चाची घाबरली.

"मी ठेवून पाहू का गा?" मडावीकाकानं हात ठेवला. काटा ढिम्म. "काऊन गा, मेलो का मी?" म्हणून त्याइनं आपलीच नाडी पाह्यली.

चाचीनं ठेवला. नाई. अब्बानं दुपट्ट्यातून हात काढून ठेवला. नाई. मी ठेवला, दोन्ही हात ठेवले, तळवे घासून घासून ठेवले, फुंकर मारली, मीटरले टिचकी मारली, वायरी दाबल्या, मनातल्या मनात गाइडले शिव्या दिल्या. पुण्यात माशी बसली तरी उठणारा काटा इथी सगळ्या खानदानाचे हात लागून हलाले तयार नाई!

रुबीना माह्याकडे पाहून राह्यली होती. मले वाटलं, झालं. गेली ही पोट्टी हातातून. सांगतो तुम्हाले, परीक्षेत नापास झालो तवाबी एवढं वाईट वाटलं नव्हतं.

"नाई उठत?" चाचानं हळूच विचारलं. त्याइचा हात पुन्हा पट्ट्यावर होता.

"नाई उठून राह्यला, चाचा."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे, करंट नाई जात? प्लास्टिकमधून?"

"नाई जात," मी रडवेल्या आवाजात म्हटलं.

अन् चाचाचा चेहरा असा उजळला, असा उजळला, का मी आजवर कोण्या सासऱ्याचा चेहरा तसा पाह्यला नाई!

"या अल्ला, तेरा शुक्र है!" त्याइनं पट्ट्यावर प्रेमानं थाप मारली, जशी बैलाच्या पाठीवर मारतात. "बेटा, तुले कसं सांगू! तुह्या अब्बाचा फोन आल्यापासून माही झोप उडाली होती. एकदा जंगलातल्या लाइनीवर माह्या पक्कडीच्या मुठीचं प्लास्टिक फाटलं होतं. एवढीशी फट! मी खांबावरून उडून थेट धानाच्या बांधीतल्या चिखलात. डोळे उघडले तवा ही रडून राह्यली होती, अन् ही रुबीना हिच्या कडेवर. त्या दिवसापासून मी प्लास्टिकले सलाम करतो. अन् आता माह्याच पोरीले मागाले असा पोट्टा आला, जो म्हणते प्लास्टिकमधून करंट सोडतो! मी म्हटलं, उद्या याच्या घरी पोरगी बटन दाबाले गेली तर? बादलीले हात लावला तर? म्हणून म्हटलं, आधी पाहीन. जर का काटा उठला असता ना, तर कसम से, तुले सरबत पाजून वापस पाठवलं असतं!"

अच्छा! खुर्च्या म्हणून अंगणात होत्या. हातमोजे म्हणून टेबलावर होते. मले आता कुठी उजेड पडत होता.

"ज्याच्या प्लास्टिकमधून सुईएवढाबी करंट जात नाई," चाचा गहिवरून म्हणाले, "त्याच्या घरी माही पोरगी सुखात राहील. रिश्ता पक्का! लाडू आण वं!"

चाची लाडवाचं ताट घेऊन धावतच आली. मडावीकाकानं टाळ्या वाजवल्या. रुबीना लाजून हसली. मी काय करावं? माही सारी विद्या पाण्यात गेली होती, अन् त्याच पाण्यात माहं लग्न तरंगून वर आलं होतं! रडू का हसू तेच समजेना.

इथी किस्सा संपला असता तर बरं होतं. पण अब्बा!

अब्बा उठले. "झालं ना शास्त्र? मंग आता तरी कूलर लावा!" असं म्हणून त्याइनं स्वतःच जाऊन बटन दाबलं, अन् खिडकी खाडकन उघडली.

कूलरची गार हवा आली. सरळ पट्ट्याच्या मोकळ्या टोकावर. दुसऱ्या टोकावर चाचाचा हात होताच.

अन् काटा उठला!

हळूच थरथरला, खुंटी सोडली, अन् शानीत उजवीकडे चालू लागला. पुण्यात जात होता तसाच सरसर गेला. अन् त्याच घडीले माह्या डोक्यात लख्ख झालं. अरे गाढवा! खोली बंद, कूलर बंद, वर तापलेला स्लॅब. गडचिरोलीच्या मे महिन्यात ती खोली माणसाच्या अंगापेक्षा गरम झाली होती! ज्या टोकाले हात होता, तेच थंड टोक झालं होतं. वीज तर केव्हाची बनत होती, पण उलटी. काटा बिचारा खुंटीले डोकं लावून पलीकडे जाले धडपडून राह्यला होता. दोन वायरी अदलाबदल केल्या असत्या, तर पहिल्याच हाताले उठला असता. अन् मी, चंद्रपूरच्या उन्हाच्या बढाया मारणारा सूर्यपुत्र, चंद्रपुराजवळचंच ऊन विसरलो!

चूक समजल्याचा आनंद माह्यासारख्या माणसाले काय असते ते तुम्हाले कसं सांगू! तोंडातून "उठला! उठ..." निघालंच होतं. तेवढ्यात रुबीनाकडे नजर गेली. तिनंबी काटा पाह्यला होता. विज्ञानाची मास्तरीन ती, तिले सारं एका क्षणात समजलं होतं. तिनं डोळे असे मोठे केले, का माहा "उठला" घशातच बसला.

"काय उठला?" चाचानं विचारलं, अन् मान मीटरकडे वळवली.

मी चाचीच्या हातातलं लाडवाचं ताट हिसकलं अन् धाडकन मीटरवर ठेवलं.

"मी उठलो! लाडू वाटाले उठलो!"

पण अब्बानं पाह्यलं होतं. माहा बाप! पोट्ट्याची इज्जत वाचली म्हणून त्याइचा चेहरा असा फुलला, का काही विचारू नका. "नासिर! अरे काटा! काटा हल..."

मी अख्खा लाडू अब्बाच्या तोंडात कोंबला. "तोंड गोड करा अब्बा!" ते "म्म! म्म!" करत ताटाकडे बोट दाखवाले लागले. मी दुसरा कोंबला.

"खुशीनं बोलता येईना याइले," चाचा डोळे पुसत म्हणाले.

ज्या काट्यासाठी मी पुण्यात रात्रीचा दिवस केला, तो काटा सगळ्या खानदानासमोर उठला तवा लाडवाच्या ताटाखाली होता. अन् ते ताट मीच दाबून धरलं होतं, दोन्ही हातानं!

निघताना रुबीना दारापर्यंत आली. "सूर्यपुत्र म्हणतात ना तुम्हाले?" एवढंच म्हणाली, अन् पदर तोंडावर धरून आत पळाली.

लग्न झालं. झक्कास झालं. खुर्च्या अंगणातून घरात आल्या. आता सासुरवाडीले गेलो की चाचा मले बल्बलेबी हात लावू देत नाई. "राहू दे बेटा, तुले करंटचं जमत नाई," म्हणतात. अन् कोणीबी पाहुणा आला की माह्या पाठीवर हात ठेवून मोठ्या अभिमानानं सांगतात, "हा आमचा जावई, डॉक्टर नासिर. प्लास्टिकमध्ये मोठा शास्त्रज्ञ. इतकी वर्षं झाली, पण एकदाबी करंट जाऊ दिला नाई!"

रुबीना चहा देता देता माह्याकडे पाहते. मी "हाव जी," म्हणतो, अन् पुन्हा कुठी काटा उठू नये म्हणून गुपचूप कूलरच्या हवेचं तोंड दुसरीकडे फिरवतो.